यादी

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या तरुण मंडळाने उन्हाळ्यात क्रिकेटची स्पर्धा जिंकली. बक्षिसाच्या पैशांतून नवं किट घ्यायचं की गणपतीत डीजे आणायचा, यावर पोरांची जुंपली ती पाऊस लागेपर्यंत. मग भाताची आवणी सुरू झाली. आवणीच्या दिवसांत या भागातल्या घरांत नागलीची कणगी तळाला लागलेली असते आणि मोठी माणसं उजाडल्यापासून चिखलात.

अशाच एका सकाळी मंडळाचा अध्यक्ष अंगणवाडीत डोकावला. ताई मुलांच्या दंडाला पट्टी लावून बघत होत्या. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. पिवळ्यामागून पिवळा येत होता.

“इथं जेवतात ना ही पोरं?” त्याने विचारलं.

“जेवतात. पण एवढंसं पोट, त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं लागतं. आई घरी येणार अंधार पडल्यावर. तोवर हातात दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट.”

किट आणि डीजे दोन्ही बारगळले. रोज संध्याकाळी समाजमंदिरात भात, उडदाचं वरण आणि वरून चमचाभर तेल द्यायचं ठरलं. लहान मूल मोजके घास खातं, त्या घासांतच बळ घालायचं तर तेल हवं, असं ताईंनी बजावलं होतं. कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने काम शिस्तीत केलं. पिवळ्या पट्टीच्या अकरा मुलांची यादी मोखाड्याहून छापून आणली आणि दारावर चिकटवली.

पहिल्या दिवशी अकराही आली. आठवडा सरता सरता चारच उरली.

आता, यादी या गोष्टीचं या भागाला अप्रूप नाही. 1992-93 साली जव्हारकडच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हापासून इथल्या पोरांची वजनं-मापं किती वह्यांत चढली असतील! पण वही कपाटात राहते. दारावरचा कागद पाणवठ्यावर पोचतो. “तुझं पोर त्यात हाय ना गं?” एवढं एक वाक्य पुरतं. दुसऱ्या दिवशी आई मुलाला घरात कोंडून आवणीला जाते.

मंडळाची पोरं चिडली. “फुकट मिळतंय तर नको यांना!” त्यांचंही खोटं नव्हतं. भात शिजवून टाकून द्यायची पाळी आली होती.

उरलेल्या चौघांत एक दीड वर्षांचा होता. त्याला कडेवर घेऊन येणारी बहीण तिसरीतली. तिचं नाव यादीत नाही, म्हणून ती दाराबाहेर पायरीवर बसायची. अध्यक्षाने त्याला मांडीवर घेऊन भरवायला घेतलं. पहिला घास त्याने थुंकला. दुसरा गालात धरून ठेवला. मग वरणाने बरबटलेला हात ताटलीत घालून मूठभर भात उचलला आणि दाराकडे बघून भोकाड पसरलं. मुलगी आत आली, तिने ती मूठ आपल्या तोंडात घेतली, चावल्यासारखं केलं. लगेच त्याने आ केला.

अध्यक्षाने उठून दारावरचा कागद काढला.

“सगळ्या पाड्याला जेवू घालायचं?” कॉलेजवाला म्हणाला. “पंधरा दिवसांत पैसे संपतील.”

“संपू दे.”

पैसे त्याआधीच संपत आले. पण दारावर नाव नसल्यावर कुणालाही यायला लाज उरली नाही आणि रिकाम्या हाताने यायला मात्र वाटू लागली. एका घरून पायलीभर नागली आली. शाळेतल्या पोरींनी बांधावरचा कुर्डू आणि टाकळा खुडून आणला. कुठली पानं कोवळी, हे त्यांना मंडळाच्या पोरांपेक्षा जास्त कळत होतं. यादीतल्याच एकाच्या आईने खुरासणीची चटणी वाटून दिली. आलेल्या जिनसांचा हिशेब कॉलेजवाल्याने त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूला मांडला. भांडी कुणी घासायची यावर रोज भांडण व्हायचं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

भाद्रपदात ताईंनी पुन्हा पट्टी लावली. बरेच जण हिरव्यात आले होते, तिघं पिवळ्यातच. त्यातल्या एकाचा ताप हटत नव्हता. त्याला नुसता भात पुरणार नाही म्हणत ताईंनी रुग्णालयाची चिठ्ठी दिली आणि अध्यक्षाने मोटारसायकल काढली.

दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणार होता, मंडळातली सहा पोरंसुद्धा. मोठं पातेलं कुणाच्या टेम्पोत चढवायचं आणि तिकडे भट्टीवर तेल कुणी आणायचं, यावर पोरांची आतापासूनच जुंपली होती.