बंधने सोडणारे हात



काही महिन्यांपूर्वी बुधवार पेठेत राहणारी आपली एक भगिनी मिस्सानंतर सर्व मंडळी जाईपर्यंत थांबली. तिच्या संमतीनेच हे लिहीत आहोत. ती म्हणाली, ‘‘फादर, यांना आता पुन्हा शपथ देऊ नका. तीनदा वेदीसमोर घेतली, तीनदा मोडली. आता ते चर्चला यायलाच लाजतात. दारू सोडलेल्या माणसांची बैठक जवळपास कुठे भरते, तेवढं सांगा.’’

आम्हाला सांगता आले नाही. अप्पा बळवंत चौकात कोणते पुस्तक कुठल्या दुकानात मिळेल हे आम्हाला ठाऊक होते. पण हे ठाऊक नव्हते. आणि त्या तिन्ही शपथा आम्हीच दिल्या होत्या.

मे १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा एक परगावचा माणूस हॉटेलात अस्वस्थपणे येरझारा घालीत होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. कामात अपयश आले होते आणि शेजारीच बार होता. त्याने तेथे लावलेल्या चर्चच्या यादीतून एका अनोळखी पाळकाला फोन केला. आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यपीशी बोलल्याशिवाय आपण तरणार नाही, हे त्याने ओळखले होते. पाळकाने त्याला काही नावे दिली. त्यातूनच त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजेच ए.ए. ही संघटना उभी राहिली. त्या पाळकाजवळ देण्यासाठी नावे होती. आमच्याजवळ एकही नव्हते.

योहानच्या शुभवर्तमानातील लाजरसची कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. मेलेल्याला जिवंत करणे हे प्रभूचे काम. ते दुसऱ्या कोणालाही जमणारे नाही. पण कबरेवरची धोंड प्रभूने लोकांना काढायला लावली. लाजरस बाहेर आला तेव्हा त्याचे हातपाय बांधलेलेच होते. ती बंधनेही प्रभूने जवळ उभ्या असलेल्यांनाच सोडायला सांगितली. जीवन देवाने दिले, गाठी मात्र शेजाऱ्यांनी सोडवल्या.

चांगले काय ते कळते, तरी हातून वाईटच घडते, असे का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात हा प्रश्न आम्ही परीक्षेपुरता वाचला. संत पौलाने रोमकरांस लिहिताना स्वतःविषयी तेच कबूल केले आहे. दारूचे व्यसन हा आजार आहे, केवळ इच्छाशक्तीचा दुबळेपणा नव्हे. सवयीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो (परिच्छेद १७३५). आजाऱ्याला केवळ शपथ देऊन घरी पाठवणे म्हणजे लाजरसला बांधलेल्या पायांनी चालायला सांगणे होय.

आपल्या पुण्यात या कामाची मोठी परंपरा आहे. डॉ. अनिल अवचट यांचे ‘गर्द’च्या व्यसनावरील लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी देणगी दिली आणि १९८६ मध्ये येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे इतरांना हात देतात.

ए.ए.च्या बैठकीतही हेच घडते. फी नाही, धर्माची अट नाही, आडनाव सांगावे लागत नाही. पिणे थांबवण्याची इच्छा पुरते. एकेक जण आपली कहाणी सांगतो, बाकीचे ऐकतात. संकल्प जन्मभराचा नसतो. फक्त आजच्या दिवसाचा असतो. घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ हे वेगळे गट असतात. पत्नीने तेथे जाणे म्हणजे नवऱ्याची बदनामी नव्हे.

एक सूचना महत्त्वाची. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार जिवावर बेतू शकतात. आधी डॉक्टरांना दाखवावे. १४४४६ या सरकारी मोफत फोनवर व्यसनमुक्तीचे मार्गदर्शन मिळते. आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयातही आता जवळच्या बैठकांचे वार आणि वेळा लिहून ठेवल्या आहेत. कोणासाठी हव्यात, हे कोणी विचारणार नाही.

उरलेले काम आपणा सर्वांचे आहे. बारशाला, लग्नाला, सणाला ‘एक घोट घे, काय होतंय’ असा आग्रह करू नका. कोणी पुन्हा घसरला तर चर्चच्या पायऱ्यांवर त्याची चर्चा करू नका. पहिल्या बैठकीला एकट्याने जाणे फार कठीण असते. दारापर्यंत सोबत करा.

आम्हीही त्या भगिनीच्या पतीबरोबर गेलो. बैठक एका साध्या वर्गात होती. त्या दिवशी फक्त व्यसनी व्यक्तींनाच प्रवेश होता, म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. तासाभराने ते बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘फादर, आत मला कोणीच शपथ घ्यायला सांगितलं नाही. पुढच्या वेळी या, एवढंच म्हणाले.’’

ते पुढच्या वेळी गेले. नंतर एकदा घसरले आणि तरीही पुन्हा गेले. गेल्या रविवारी मिस्साला ते शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांच्यासाठी आणि अजून दाराबाहेर असलेल्या प्रत्येकासाठी या आठवड्यात प्रार्थना करू या. धोंड ढकलायला आणि गाठी सोडायला प्रभू आपल्या हातांना बळ देवो.

आपले धर्मगुरू