रिकाम्या कबरीची आशा

माझी पत्नी गेली त्या वर्षीचा ईस्टर मला अजून आठवतो. आम्ही ख्रिस्ती माणसे त्या दिवशी उजाडण्यापूर्वी दफनभूमीत जमतो. आपापल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहायची, मेणबत्त्या लावायच्या आणि दिशा उजळल्या की ख्रिस्त उठल्याची गीते गायची. त्या पहाटे माझ्या गळ्यातून सूर निघाला नाही. समोरची माती अजून खाली बसली नव्हती. ख्रिस्त उठला असेल. पण ही कुठे उठली?

घरी परतलो तर शेजारच्या अक्का चहा घेऊन आल्या. त्यांचे घर कानडी, आमचे मराठी. मधली भिंत मात्र तीस वर्षे सामाईक. त्यांनी हळूच विचारले, "मास्तर, खरं सांगा, हे तुम्ही मानता, की मनाची समजूत घालता?" अक्कांचे यजमान आदल्याच वर्षी गेले होते. प्रश्न मला डिवचण्यासाठी नव्हता, उत्तर त्यांनाच हवे होते. मला ते देता आले नाही.

त्या प्रश्नाने मी पुन्हा शुभवर्तमान उघडले. कबरीकडे निघालेल्या स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन निघाल्या होत्या. म्हणजे त्या प्रेताला लेप लावायला चालल्या होत्या, जिवंत माणसाला भेटायला नव्हे. कबर रिकामी दिसली तेव्हा त्या भ्यायल्या. मरीया मग्दालीयेला समोरचा येशू बागेचा माळी वाटला. थोमाने तर जखमांच्या खुणा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे बजावले. मनाची समजूत घालू पाहणारी माणसे अशी वागत नाहीत. हा पुरावा नव्हे, हे मी जाणतो. पण ही आशा त्यांच्या इच्छेतून उपजली नव्हती, एवढे मला दिसले.

आणखी एक गोष्ट दिसली. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. दु:ख पुसून टाकणारी आशा ही विस्मृतीच म्हणायची. ही आशा व्रणासकट उठते. म्हणून त्या पहाटे मला रडू आले, तो माझ्या विश्वासाचा पराभव नव्हता.

परलोकावर डोळे लावणारा माणूस इहलोकी निष्क्रिय होतो, असा आक्षेप घेतात. अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. आईवडील दुष्काळात गेले, १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. पुढच्याच वर्षी इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळपीडित मुलींना आणि विधवांना आसरा दिला, हाताला काम दिले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. जिच्या हाती सारे सोपवायचे, तीच पुढे गेली. रमाबाई तेव्हा बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी टाकले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून संपूर्ण बायबल बाहेर पडले. शेवट मृत्यूच्या हाती नाही असे ज्याला वाटते, त्याला अर्धे काम सोडवत नाही.

पत्नीचे शिलाई मशीन वर्षभर चादरीखाली झाकून होते. कोणी हात लावलेला मला खपत नसे. पुढच्या ईस्टरला दफनभूमीतून आलो, चादर काढली, तेल घातले आणि अक्कांच्या नातीला हाक मारली. ती शिवण शिकत होती. मशीन भिंतीपलीकडे गेले.

संध्याकाळी पलीकडून मशीनचा ओळखीचा आवाज आला आणि मी दाराशी येऊन उभा राहिलो. अक्काही त्यांच्या दारात उभ्या होत्या. "अक्का, गेल्या वर्षी तुम्ही विचारलं होतं ना," मी म्हणालो, "सिद्ध करता येत नाही. पण मी मानतो."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. आत मशीन चालूच होते.