ऐकल्या दिवसापासून

मरण घडतं तेव्हा खरं, की कळतं तेव्हा? प्रश्न पोरकट वाटेल, पण सुतक किती दिवस धरायचं हे ठरवायची वेळ आली की तो पोरकट राहत नाही. मला तो जहाजाच्या ब्रिजवर पडला, मेल उतरवून घेताना.

मी मर्चंट नेव्हीत सेकंड मेट होतो. 1 फेब्रुवारी 1999 पासून जीएमडीएसएस ही संकटसंदेशांची नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि जहाजांवरून रेडिओ ऑफिसर हा माणूसच हळूहळू नाहीसा झाला. त्याचं काम डेकवरच्या अधिकाऱ्यांकडे आलं. आमच्या जहाजावर मेलचं खातं माझ्याकडे होतं. इंटरनेट म्हणावं असं काही तेव्हा नव्हतंच. खलाशी आपली पत्रं मेसमधल्या कॉम्प्युटरवर लिहीत आणि ती आउटबॉक्समध्ये पडून राहत. ठरल्या वेळी मी इन्मारसॅटच्या उपग्रहावरून जोडणी करायचो. साचलेली पत्रं एका गठ्ठ्यात जात, किनाऱ्यावरच्या सर्व्हरवर थांबलेली येत, की जोडणी बंद. पैसे मोजून घेतलेला वेळ तो. फोटोबिटो किनाऱ्यावरच गाळले जात. मग आलेली पत्रं पुन्हा पुन्हा वाचायला आणि उत्तरं लिहायला उरलेला दिवस मोकळा.

एकदा अँटेना बिघडली आणि बरेच दिवस जोडणी होईना. दुरुस्त झाली तेव्हा आमच्या भांडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या, नावावर भावाची तीन पत्रं एकदम उतरली. मेलचा शिरस्ता असा की नवं वर, जुनं खाली. सगळ्यात वर होतं: आई गेली. त्याखाली: आईला दवाखान्यात ठेवलंय. तळाशी: आईने तुझ्यासाठी आमसुलं वाळत घातलीत, कधी येतोस?

जहाज त्या दिवशी चांगलंच लोळत होतं. भांडारी गॅलीत उकळत्या तेलासमोर उभा होता. कॅप्टन म्हणाले, "जेवणं उरकू देत, मग मी सांगतो." भांडाऱ्याने सकाळी गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली होती, तिची राख अजून तिथेच होती. रात्री त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सावरल्यावर त्याने मला विचारलं, "साब, सुतक कधीपासून धरू? गेली त्या दिवसापासून मोजलं तर संपतच आलंय."

मला सांगता आलं नाही. रजेवर घरी आल्यावर मी पोथ्या उघडल्या. हा प्रश्न शास्त्रकारांना चांगलाच ठाऊक होता, कारण माणसं तेव्हाही दूरदेशी जात आणि बातमी पायी येई. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात नियम आहे: परदेशी असलेल्या सपिंडाचं, म्हणजे जवळच्या भाऊबंदाचं, मरण दहा दिवसांच्या आत ऐकलं तर उरलेलेच दिवस अशौच, दहा दिवसांनंतर ऐकलं तर तीन रात्री, वर्ष उलटून गेल्यावर ऐकलं तर नुसतं स्नान. म्हणजे बातमी जितकी शिळी, तितकं सुतक हलकं. पण आईवडिलांना हा हिशेब लागू नाही. मिताक्षरा या टीकाग्रंथात एक जुनं वचन घेतलं आहे, त्याप्रमाणे मुलगा कितीही दूर असो, त्याचे दहा दिवस ऐकल्या दिवसापासून पुरे मोजायचे. तिथे बातमी शिळी होतच नाही.

मी हे पुढच्या जहाजावर आमच्या सारंगांना, म्हणजे खलाशांच्या मुकादमांना, सांगितलं. ते श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. म्हणाले, "आमच्यात इद्दत उलटी." नवरा गेला की बाईची इद्दत, म्हणजे पाळायची मुदत, चार महिने दहा दिवस, आणि ती मोजायची त्याच्या मरणापासून. बातमी उशिरा आली तर उरलेले दिवसच. मुदत उलटून गेल्यावर आली तर इद्दत तिच्या नकळत पुरी झालेली असते. तिला कळलं की नाही, यावर काळ थांबत नाही.

मला या दोन्ही नियमांत शहाणपण दिसतं. इद्दत म्हणते, घडलेलं तुमच्या माहितीवाचूनही घडलेलंच असतं. सुतक म्हणतं, कर्तव्य मात्र जाणत्या माणसालाच लागतं. आणि आपलं शास्त्र पहिली बाजू विसरत नाही: सुतक ऐकल्यापासून धरायचं, पण वर्षश्राद्ध मृत्यूच्या तिथीलाच. दोन तारखा, दोन्ही खऱ्या. ईमेलच्या माथ्यावरही तसंच असतं. लिहिणाऱ्याच्या यंत्राने घातलेली एक तारीख, आणि वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने आपल्याकडे पत्र कधी आलं त्याची चढवलेली ओळ. एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

मग भांडाऱ्याची ती उदबत्ती? निर्दोष. ऐकेपर्यंत त्याला अशौच नव्हतंच. पण त्या दुपारी बातमी माहीत असलेले आम्ही दोघे होतो, आणि आम्हाला मात्र अज्ञानाचा आडोसा नव्हता. आमची जागा पत्र हाती आलेल्या सर्व्हरची होती. एसएमटीपी या मेल पोचवण्याच्या पद्धतीचे नियम जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहिले. त्यांचा गाभा असा की ज्या सर्व्हरने पत्र स्वीकारलं त्याने ते पुढे पोचवावं, नाही जमलं तर पाठवणाऱ्याला तसं कळवावं. गप्प बसून राहू नये. कॅप्टननी तेल थंड होईपर्यंतच थांबवलं, ते योग्यच होतं. बंदर येईपर्यंत थांबवलं असतं तर दुसऱ्याचं सुतक कधी सुरू व्हावं हे आम्ही आमच्या सोयीने ठरवलं असतं.

आता 23 डिसेंबर 2024 पासून सागरी कामगार कराराच्या दुरुस्तीनुसार खलाशांना, शक्य तिथवर, इंटरनेट द्यायचं आहे. चांगलं झालं. मी मात्र निवृत्तीनंतरही घरी मेल जुन्याच रीतीने बघतो: थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये सकाळ-संध्याकाळ उतरवून घ्यायची, एरवी ऑफलाइन. मुलगी विचारते, "बाबा, तातडीचं असलं तर?" तिचा प्रश्न खरा आहे. शास्त्राने सवलत दिली ती अंतरामुळे बातमी न पोचलेल्याला, कानात बोटं घालून बसलेल्याला नाही. जहाजावरचं माझं न कळणं समुद्राने लादलेलं होतं. घरातलं मी निवडलेलं आहे, म्हणून त्याचा जाब मला द्यावा लागतो. तेव्हा माझ्या वेळा सगळ्यांना सांगितलेल्या आहेत, आणि फोन उशाशी चालू असतो. जाहिरातींना आणि वायफळ निरोपांना मी संध्याकाळपर्यंत परदेशी आहे. माणसांना नाही.