बिननावाचे कागद

शिरवळच्या एका हायस्कुलात नवे हेडमास्तर आले. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर माध्यमिक शिक्षणाची उद्दिष्टं ऑइलपेंटनं रंगवलेली होती: लोकशाहीचा नागरिक घडवणं, कामधंद्याचं कौशल्य, व्यक्तिमत्त्वाचा विकास आणि नेतृत्व. १९५२-५३च्या मुदलियार आयोगानं सांगितलेली. सरांनी दहावीच्या वर्गात कागद वाटले. "यातलं किती साधलं? प्रत्येकाला पंचवीसपैकी गुण द्या. वर नाव आणि हजेरी क्रमांक घाला."

झाडून सगळ्यांनी शाळेला शंभरपैकी शंभर दिले. सर खुशीत होते. चहा घेऊन आलेले शिपाईमामा म्हणाले, "सर, तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस गुण शाळेच्या हातात. नाव घालून कमी कोण देईल? वाढपी समोर उभा राहून 'भाजी कशी झालीय' विचारायला लागला, की सगळी पंगत 'झकास'च म्हणते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद वाटले. या वेळी नावाविना.

शाळा पस्तिशीलाही पोचली नाही. कुणी लिहिलं होतं, "पीटीच्या तासाला गणित घेतात." कुणी, "प्रयोग केलाच नाही, निरीक्षणं फळ्यावरून उतरवली." कुणी, "एमआयडीसी गावातच आहे, पण आत काय बनतं ते कुणी दाखवलं नाही." एकीनं लिहिलं होतं, "३ जानेवारीला मी सावित्रीबाईंवर भाषण करते. त्यांचं नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यात. पण वर्गात शंका विचारली, की 'परीक्षेला येत नाही, खाली बस.'"

एक शिक्षक भडकले. "आपला दहावीचा निकाल बघा! पोरांना काय कळतंय?"

"तो निकाल पोरांचा," सर म्हणाले. "आपला हा आहे."

प्रार्थनेनंतर त्यांनी सगळे कागद स्वतः वाचून दाखवले. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचं कुलूप निघालं, पीटीचा तास मैदानावर गेला. कारखाना दाखवायच्या परवानगीसाठी अर्जही गेला.

सहामाहीनंतर सरांनी तिसऱ्यांदा कागद दिले. "नाव घालायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा."

एका मुलीनं ठळक अक्षरात पूर्ण नाव घातलं आणि लिहिलं, "पहिल्या उद्दिष्टाला पंचवीसपैकी दहा. वर्गप्रमुख अजून शिक्षकच नेमतात, आम्हाला निवडू द्या."

सरांनी तो कागद मामांना दाखवला. "बघा मामा, गुण कमी दिलेत आणि वर नावही आहे. आता कुठं पहिलं उद्दिष्ट साधायला लागलंय."

तात्पर्य: शाळा कशी चालली आहे हे मुलांना विचारावं, पण आधी त्यांना खरं बोलायची भीती वाटू नये, एवढं करावं.