मृत्युपत्र खरे, पण वारस खरा आहे काय?

बापाचा पुण्यानुमोदन विधी आटोपतो न आटोपतो तोच मृत्युपत्र बाहेर येते. भाऊ म्हणतो, सारे माझे. बहीण म्हणते, अंगठा फसवून घेतला. मग छत्रपती संभाजीनगरच्या कोर्टात तारखा सुरू होतात.

कायदा काय पाहतो? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे करणाऱ्याची बुद्धी शाबूत हवी, दोन साक्षीदार हवेत. धाक वा फसवणूक असल्यास मृत्युपत्र रद्द. नोंदणी सक्तीची नाही. मृत्युपत्रच नसेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू होतो. बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलगा-मुलगी समान वारस ठरतात.

पण कागद कायदेशीर ठरला म्हणजे न्याय झाला काय? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मुलांना वारशास पात्र होण्यास सांगितले. आईबापांना तो योग्य वेळी सोपविण्यास सांगितले. स्त्रियांना वारसाहक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले म्हणून, प्रामुख्याने त्याच कारणाने, बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यांचा जयजयकार करून बहिणीचा वाटा बुडवावा काय? खोट्या अंगठ्याने चोरी व असत्य, दोन्ही शीले मोडतात.

मात्र सेवा करणाऱ्या सुनेला बापाने समजून-उमजून अधिक दिले असेल, तर बहिणीनेही खोटा दावा करू नये. बंधूंनो, भगिनींनो, वाटणी हयातीतच, लेकींसमक्ष बोला.