उन्हातली ठिणगी

दादा गेला त्यानंतर तीन पावसाळे त्याचं मशीन पडवीत लाकडी घोडीवर तसंच टांगलेलं होतं. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं, एका सिलिंडरचं लहानसं टू-स्ट्रोक. देवबागच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. त्या खाडीत दादाने 25 वर्षं ते चालवलं. पुतण्या मुंबईहून म्हणाला, भंगारात घाल. मी म्हटलं, आधी बघू तरी.

बाजारातून एक मेकॅनिक बोलावला. भर दुपार होती. अंगणात त्याने प्लग काढला, वायरीला जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि दोरी दोनदा खेचली. "करंट नाही. कॉइल गेली, आणि ही कॉइल आता येत नाही." पाच मिनिटांत निकाल लागला. मी मशीनवर गोणपाट टाकलं आणि दोन महिने तिकडे फिरकले नाही.

मग एकदा शेजारचे तांडेल ओटीवर टेकले असताना विषय निघाला. "खय बघितल्यात बाईनू?" मी म्हटलं, अंगणात. ते म्हणाले, "उन्हात ठिणगी कशी दिसतली? काळोख करा नि मगे बघा."

त्या रात्री मशीन माजघरात आणलं, दारं लावली, दिवा मालवला. तांडेलांनी दोरी खेचली. तिसऱ्या खेचीला प्लगच्या टोकाशी बारीक, तांबूस, अर्धमेली ठिणगी दिसली. अशक्त होती, पण होती.

मी 34 वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. त्याआधी एम.ए.ला असताना एक शब्द घोकला होता, तो त्या काळोखात आठवला: योग्यानुपलब्धी. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशाने कळतं? डोळ्यांना दिसते ती जमीन, 'नाही' काही दिसत नाही. कुमारिल भट्ट म्हणतात, न दिसणं हेच इथे स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, अभावही डोळ्यांनीच कळतो. भांडण मोठं आहे. पण एका अटीवर दोघांचंही एकमत आहे. ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्याला किंमत. 'वेदान्तपरिभाषे'त सांगितलंय की लख्ख उजेडात घडा दिसला नाही तर तो नाही असं म्हणता येतं, अंधारात तसं म्हणता येत नाही. मी ते उजेड–अंधार असंच पाठ केलं होतं. घड्याला उजेड लागतो आणि ठिणगीला काळोख, म्हणजे प्रत्येक वस्तूची दिसण्याची अट तिची स्वतःची असते, हे मला तांडेलांच्या एका वाक्याने कळलं. त्या मेकॅनिकचे डोळे चांगले होते, हातही चांगला होता. त्याचं 'नाही' मात्र अपात्र होतं.

पुढचं काम सरळ होतं. फ्लायव्हील पुलर लावूनच काढायचं, हातोडीने ठोकलं तर क्रँकशाफ्ट दुखावतो. त्याच्या खाली पॉइंट. ते मिटलेले असतात तेव्हा पहिल्या वेटोळ्यातून करंट वाहतो, उघडले की तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उठतात. खाऱ्या हवेने पॉइंटांवर पांढुरकी पुटं चढली होती. बारीक पॉलिश पेपर फिरवला, स्वच्छ फडक्याने पुसलं, फीलर गेजने अंतर लावलं, कंडेन्सर नवा घातला. कॉइल तीच. रात्री पुन्हा दिवा मालवला. या वेळी ठिणगी निळी आली, टच्च आवाज करत.

कार्बोरेटर उघडला. जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. जेट आकाशाकडे धरून डोळ्याला लावला, तर भोकातून प्रकाश नाही. हे न दिसणं मात्र पक्कं होतं. भोक मोकळं असतं तर आभाळ दिसलंच असतं.

आता जे खरं सांगायचं आहे ते सांगते. दादा आजारी होता तेव्हा मी रोज देव्हाऱ्यासमोर बसायची. काही मागत नव्हते. कोणी ऐकतंय एवढं जाणवावं, इतकीच अपेक्षा होती. जाणवलं नाही. तो गेल्यावर दीड महिना बसले, तेव्हाही नाही. मग एका सकाळी मी ठरवलं की तिथे कोणी नाही. वहिनी नैवेद्य दाखवत राहिली, मी स्वयंपाकघरात जाऊ लागले. तीन वर्षं मी त्या निकालावर राहिले आणि तो निकाल मला प्रामाणिक वाटत होता.

उदयनाचार्यांची 'न्यायकुसुमांजली' ईश्वर आहे हे सिद्ध करण्यासाठीच लिहिलेली. दहाव्या शतकाच्या अखेरीचा हा मिथिलेचा नैयायिक. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, या आक्षेपाला त्याचं उत्तर असं की जी वस्तू मुळात दिसण्याजोगीच नाही, तिचं न दिसणं काहीच सिद्ध करत नाही. विद्यार्थिनी असताना मला ही पळवाट वाटली होती. अजूनही मला ती पुरेशी वाटत नाही. करंट आहे पण तो कधीच, कुठेच, कोणालाच दिसणार नाही, असं कोणी मेकॅनिक म्हणाला तर मी त्याच्या हाती इंजीन देणार नाही. उदयनालाही हे ठाऊक असणार. म्हणून तर तो तिथे थांबत नाही, पुढे जगाला कर्ता हवा वगैरे स्वतंत्र युक्तिवाद मांडतो. न दिसण्याचा अडसर काढला म्हणजे दार उघडतं, कोणी आत येत नाही.

त्या युक्तिवादांनी माझं समाधान झालेलं नाही. पण मी माझ्याकडे पाहिलं. देव्हाऱ्यासमोर मी बसायची ती दादाच्या खोकल्याकडे कान लावून, औषधाची वेळ मोजत, घशाशी आलेला राग गिळत. असतं, तर त्या अवस्थेत मला जाणवलंच असतं, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकते का? नाही म्हणू शकत. कुठला काळोख करायला हवा होता, तेही मला ठाऊक नाही. म्हणून ते 'नाही' मी मागे घेतलं. त्याच्या जागी 'आहे' ठेवलेलं नाही, कारण तेही तितकंच अपात्र ठरेल. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग बसा की नुसत्या." मी बसते. हात जोडत नाही.

नवा इम्पेलर बसवून मशीन पाण्याच्या पिंपात उभं केलं, लिटरला 40 मिली ऑइल घातलं. पाचव्या खेचीला ते उठलं. पडवी निळ्या धुराने भरली आणि वहिनी पदर नाकाला लावून दारात आली. पण मागच्या भोकातून थंडाव्याच्या पाण्याची धार येईना. पाण्याशिवाय इंजीन मिनिटभरही चालू ठेवू नये, मी लगेच बंद केलं. तांडेल म्हणाले, "पंप गेलो." मी म्हटलं, थांबा. पंप चालत असता तर धार दिसलीच असती का? भोकात बारीक तार घातली. आतून मातीचा भुगा निघाला. तीन पावसाळ्यांत कुंभारीण माशीने तिथे घर केलं होतं.

पुन्हा दोरी खेचली. आधी चिखलाची पिचकारी, मग धार. मी हात पुढे धरला. पाणी कोमट होतं.