शपथेच्या दिवशी झालेलं कर्ज

पाटीवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असं लांबलचक नाव असलं तरी रत्नागिरीत सगळे त्याला सैनिक बोर्डच म्हणतात. "बोर्डात जाऊन आलीस का?" "बोर्डाचा दाखला मिळाला का?" माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. माझ्या कॉलेजच्या खर्चाला याच बोर्डाच्या मदतीचा हातभार लागला. पुढे मी तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आता निवृत्तीनंतर संगमेश्वर, लांजा, गुहागरकडची फौजी घरातली मुलं कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येतात. फॉर्म भरता भरता जे प्रश्न निघतात ते वर्गातल्या प्रश्नांहून अवघड असतात.

गेल्या पावसाळ्यात गुहागर तालुक्यातली एक बाई आली. नवरा ड्युटीवर असताना गेलेला, मुलगा बारावी होऊन इंजिनिअरिंगला लागलेला. सगळं भरून झालं, सही करायची वेळ आली आणि ती थांबली. म्हणाली, "मॅडम, हे त्यांच्या जिवाचे पैसे. मुलाच्या फीला घातले तर आपण ते खाल्ल्यासारखं नाही का होत?" गावातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की देशासाठी केलेल्याचं मोल घेतलं की पुण्य संपतं, गीतेत तसंच आहे.

सांगणाऱ्याचा मला मनापासून राग आला. फळाची आशा सोड, हे श्रीकृष्ण सांगतो कुणाला? धनुष्य टाकून रथात बसलेल्या अर्जुनाला. ज्या प्रजेसाठी ते युद्ध होणार आहे, तिला तो हे सांगत नाही. निष्कामता हा करणाऱ्यानं स्वतःच्या मनाला लावून घ्यायचा नियम. दुसऱ्याच्या कष्टाचा लाभ घ्यायचा आणि वर त्यालाच निष्काम राहायला सांगायचं, याला मी अधर्म म्हणते. तिसऱ्या अध्यायात आपल्यासारख्या लाभ घेणाऱ्यांसाठीही शब्द आहे: मिळालेलं परत न देता नुसतं भोगतो तो चोर. लोकमान्य आमच्या रत्नागिरीचे, टिळक आळीतलं त्यांचं जन्मघर आजही उभं आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं त्यांचं 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झालं, आणि त्यात लोकसंग्रहावर त्यांनी जो भर दिला त्यामुळे गीता एकट्याच्या मोक्षापुरती वाचायची सोय उरली नाही. तरी गावोगाव ती अजून तशीच वाचली जाते, आणि तिचा भार नेमका विधवेच्या डोक्यावर येऊन पडतो.

त्या बाईला मी गीतेबद्दल फार काही सांगितलं नाही. ऋणाबद्दल सांगितलं. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं येतात, देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. शतपथ ब्राह्मणात त्यांत चौथं येतं, माणसांचं. या ऋणांची एक गोष्ट मला विद्यार्थिदशेपासून विलक्षण वाटत आली आहे. ज्याचं देणं असतं त्याच्या हातात ते परत जातच नाही. ऋषींचं ऋण अध्ययनानं फिटतं, म्हणजे त्यांनी मिळवलेलं आपण शिकलो की. पितरांचं ऋण संतती वाढवून फिटतं. देणं मागच्यांचं, फेड पुढच्यांत. गेलेल्या सैनिकाला आपण काय देणार? चौकाला नाव देतो, पुतळा बसवतो, २६ जानेवारीला त्याच्या आईला शाल देतो. यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याचं मूल मात्र समोर असतं, पहिलीत असतं, बारावीत असतं, आणि त्याला शिकायचं असतं. मी त्या बाईला म्हटलं, "हे देणं आमच्यावरचं आहे. ते फेडायची जागा तुमचा मुलगा आहे. तुम्ही सही केली नाहीत तर आम्ही कर्जातच राहू." तिनं सही केली. तिला पटलं की माझा मान ठेवला, हे मी विचारलं नाही.

यावर एक सरळ आक्षेप येतो आणि तो कर्मसिद्धान्तातूनच येतो. ज्याचं कर्म त्याचं फळ. बापानं नोकरी केली, पोरानं काय केलं?

आमच्या घरी वडिलांचा पत्ता एकच असे: नंबर, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ. मी दुसरी-तिसरीत असताना भूगोलाच्या नकाशात हे गाव शोधलं होतं. बाईंनी "वडील कुठे असतात?" विचारलं की मी मोठ्यानं "छप्पन्न एपीओ" सांगायचे. ते राजस्थानात असोत की काश्मीरमध्ये, फौजेच्या टपालाचा पत्ता तोच. शिमग्याला सुटी मिळाली तर गणपतीला नाही, गणपतीला आले तर भात कापायच्या आधी परत. आजीचं आजारपण, पावसात पडलेला गडगा, बांधावरून भाऊबंदांशी झालेलं भांडण, सगळं आईनं एकटीनं काढलं. माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीच्या जागी तिचा अंगठा आहे. आणि रेडिओवरच्या बातम्या चालू असताना घरात कुणी बोलायचं नाही, हा नियम मला कुणी शिकवावा लागला नाही. सेवा एका माणसाच्या नावावर लिहिली जाते, पण करतं सगळं घर. मूल दुसऱ्याच्या कर्माचं फळ घेत नसतं. त्यात त्याचा स्वतःचा वाटा असतो, आणि तो त्यानं फार लहान वयात, न विचारता दिलेला असतो.

मदत काय काय आहे तेही सांगते, कारण पुष्कळ घरांना ते अजून माहीत नसतं. केंद्रीय सैनिक बोर्डातर्फे हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शैक्षणिक मदत मिळते. ती बरीच वर्षं महिना १००० रुपये होती, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २००० झाली. व्यावसायिक पदवीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती २००६-०७ पासून आहे. वर्षाला साडेपाच हजार मुलांना मिळते, मुलींना महिना ३००० आणि मुलग्यांना २५००. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या कॅप प्रवेशात संरक्षण दलातल्या कुटुंबांसाठी ५ टक्के जागा असतात.

पण हे सगळं कागदावरून चालतं, आणि कागद फौजेत एका पद्धतीनं चालतात, कोकणात दुसऱ्या. मूल जन्मलं की सैनिकानं युनिटला कळवायचं, तिथे पार्ट टू ऑर्डर निघायची, आणि तेच नाव पुढे डिस्चार्ज बुकात उतरायचं. आता सीमेवर असलेल्या बापाला घरून पत्र येतं "मुलगी झाली", नाव अजून ठेवायचंय. तो कारकुनाला सांगतो, घरी बेबी म्हणतात. बुकात "बेबी" लागतं. बारशाला नाव वेगळं, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेलं आणखी वेगळं, आधारवर स्पेलिंग चौथंच. नर्सिंगला गेलेली अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. बुकातली बेबी ती हीच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र झालं, शाळा सोडल्याचा दाखला झाला, दुरुस्तीचा अर्ज गेला. दुरुस्ती होऊन आली तोवर त्या वर्षीची अर्जाची मुदत गेली होती. तिच्या वडिलांनी गळ्यातलं डोरलं सोडून बायकोचं सगळं सोनं सोसायटीत ठेवलं. देणं आपलं असताना घेणाऱ्याला दारोदार पुरावे गोळा करायला लावायचे, हे मला धर्माच्या दृष्टीनं फार गंभीर वाटतं. आपल्याकडे श्राद्धाला पितरांकडे कुणी ओळखपत्र मागत नाही. सरकारला कागद लागणार हे मला समजतं. मग नाव बुकात चढतं त्याच दिवशी ते नीट चढेल याची जबाबदारीही सरकारचीच.

ऋणाला मर्यादा असते का, हा प्रश्न तर अगदी अलीकडे दिल्लीतच उभा राहिला. १९७१ च्या युद्धानंतर देशानं ठरवलं होतं की कामी आलेल्या, अपंग झालेल्या, बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या मुलांची फी सरकार भरेल. २०१७ साली त्याला महिना दहा हजार रुपयांची मर्यादा लागली. फार बोलणं झालं, नौदलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि मार्च २०१८ मध्ये मर्यादा उठली. ज्यानं स्वतःच्या देण्याला मर्यादा घातली नव्हती त्याच्या मुलाच्या फीला ती घालणं लोकांना सोसलं नाही. ही लोकांची धर्मबुद्धी मला शास्त्रार्थापेक्षा भरवशाची वाटते.

आमच्या जिल्ह्यात हा विषय याहून पुष्कळ जुना आहे. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्या काळी फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिकवायची सक्ती होती. गावात ज्यांच्या सावलीचा विटाळ मानत, त्यांच्या लेकीसुना छावणीत वाचायला शिकल्या. निवृत्तीनंतर रामजी सुभेदार काही काळ दापोलीला राहिले. दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात. पेन्शनर शिपायांची तिथे मोठी वस्ती होती. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर तिथलेच, 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे. आणि १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ज्या हातांनी राज्य उभं केलं त्यांना एका फर्मानानं दूर लोटलं. वलंगकरांनी याविरुद्ध सरकारकडे करायचा अर्ज तयार केला. त्यामागचा युक्तिवाद, मला कळतो तसा, ऋणाचाच होता. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं, बेळगावात.

मधल्या काळात सुभेदाराचा मुलगा साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतलं तरच प्यायचं. बापाचं पेन्शन, बापाचा हुद्दा, बापाची चाकरी, त्या वर्गात यातलं काही कामी आलं नाही. पुढे बी.ए.साठी सयाजीराव गायकवाडांनी महिना २५ रुपये दिले, आणि १९१३ साली कोलंबियाला पाठवताना दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार लिहून घेतला. सयाजीरावांचे उपकार फार मोठे, ते कमी लेखायचे नाहीत. तरी मला दिसतं ते असं, की ज्याच्या बापाचं देणं सरकारवर होतं, तोच मुलगा कर्जदार होऊन समुद्रापार गेला. राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीच्या अध्यक्षाच्या घरात अक्षर आलं ते लष्करी शाळेतून, हे मी प्रत्येक फौजी पोराला सांगते. अमेरिकेत १९४४ साली दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना कॉलेजात पाठवणारा कायदा झाला, लाखो शिकले. पण दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या सैनिकांना कॉलेजचे दरवाजे बंदच राहिले. तिथेही साताऱ्याचा वर्गच घडला.

आता एक प्रश्न, ज्याला सोपं उत्तर नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील हापूसच्या कलमावरून पडून गेले. पावशीजवळ बागेत मोलानं आंबे काढत असत. त्यानं वर्गात उभं राहून विचारलं, "माझ्या बाबांचं ऋण कुणावर आहे?" मिरकरवाड्याच्या खलाशाचा मुलगा हेच विचारू शकतो. मी त्याला सांगितलं की आहे, आपल्या सगळ्यांवर आहे. शतपथातलं चौथं ऋण तेच, आणि ते आपण जवळजवळ फेडतच नाही ही आपली लाज. सैनिकाच्या मुलाला मिळतं ते काढून घेतल्यानं तुझं फिटणार नाही. पण सैनिकाच्या ऋणात एक गोष्ट वेगळी आहे. कलमावर चढायला "आज नको" म्हणायचा हक्क तुझ्या बाबांना निदान कायद्यानं होता. पोटानं तो काढून घेतला. सैनिक तो हक्क शपथ घेऊन, सर्वांसमक्ष सोडून देतो. जमिनीवर, समुद्रात, आकाशात, जिवाची जोखीम असली तरी हुकूम होईल तिथे जाईन, असं तो एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी म्हणतो.

म्हणून मी असं मानते की ऋण उभं राहतं ते शपथेच्या दिवशी. गोळी लागली की नाही, पदक मिळालं की नाही, यानं त्याचं दुःख ठरतं, आपलं देणं ठरत नाही. माझे वडील धडधाकट घरी आले आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी अंथरुणात गेले. त्यांचंही देणं होतंच. किती वर्षं नोकरी झाली यावरही ते ठरू नये.

हे आज मुद्दाम लिहिते आहे, कारण २०२२ पासून आपली मुलं अग्निवीर म्हणून जातात. शपथ तीच, हुकूम तेच, सीमा तीच. चार वर्षांनी चौघांतला एक फार तर राहील, बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन परत येतील. त्यांना स्वतःला पदवी घ्यायची तर इग्नूनं निम्मे श्रेयांक प्रशिक्षणाचे धरायची सोय केली आहे, ती चांगली आहे. पण माजी सैनिक हा दर्जा त्यांना नाही. उद्या त्यांची मुलं शाळेत जातील, बारावी होतील, आणि माझ्यासारखं कुणीतरी त्यांचा फॉर्म भरायला बसेल. त्या फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना असायला हवा, आणि तो छापायची वेळ ती मुलं जन्माला येण्याआधीची, म्हणजे आत्ताची आहे. आमदार-खासदारांकडे द्यायचं निवेदन मी लिहून ठेवलंय. रत्नागिरीतल्या माजी सैनिक संघटनांनी आणि कॉलेजांनी त्यावर सह्या कराव्यात.